गोव्यात बुटका पांढरा कोनफ्लॉवर कोणी फुलवलाय का?

गच्चीवरची (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. घर पर्वरीला, बाग सगळी गच्चीवर. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर दिसावी म्हणून पांढऱ्याच फुलांची बाग करतेय. तगर, मोगरा, अनंत, पांढरी सदाफुली आहेत. पुढच्या रांगेत गुडघ्याच्या खालीच राहणारं काहीतरी हवं होतं म्हणून पांढरा कोनफ्लॉवर (एकिनेशिया, भोवती पाकळ्या आणि मधोमध शंकू असलेलं फूल) निवडला. जात 'पॉववॉव व्हाइट'. पाकिटावर उंची दीड-पावणेदोन फूट लिहिलीय.
चतुर्थी आटोपल्यावर बी पेरलं, उगवलं छान. आता फेब्रुवारी अर्धा सरला. पानं अशी तुकतुकीत की पाहुणे पालक समजतात. कळी मात्र एक नाही. ऊन भरपूर, खत वेळेवर, पाणी बेताने. नेमकं काय राहिलंय? आणि पावसाळ्यात हे जगतं का?
कृपया 'गोव्यात नाही होणार' एवढंच लिहून पळू नका.

शेळपकर
गोव्यात नाही होणार.
(पळालो.)

जास्वंद_आणि_मी
:-) शेळपकर, तुम्हाला दर धाग्यावर पहिला नंबर कसा मिळतो?
गच्चीवरची, खत कोणतं देताय? पालकासारखी पानं म्हणजे नत्र जास्त झालं, हे सरळ आहे. हे मूळचं अमेरिकेतल्या प्रेअरीचं, गवताळ माळरानावरचं झाड. त्याला लाड नको असतात. शेणखत लागवडीच्या वेळी एकदाच मूठभर, नंतर युरिया, डीएपी काही नाही. जास्त खाऊ घातलं की दांडे लांबतात, लोळतात आणि बुटकी जात घेण्याचा हेतूच संपतो.

कुळागरवाला
फोंड्याहून. जास्वंदताईंशी अर्धा सहमत. नत्र कमी हवं हे खरं, पण नुसत्या नत्रामुळे पाच महिने एकही कळी नाही असं सहसा होत नाही. त्यावर नंतर येतो, आधी पावसाळ्याचं.
आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. कोनफ्लॉवर रुजल्यावर कोरड तशी बरी सोसतो, पण बुडखा ओला राहिला की संपला. पानांचा झुबका जमिनीला टेकलेला असतो, त्यात पाणी साचतं आणि झाड मधूनच कुजतं. वरून पानं हिरवी दिसतात, ओढून बघावं तर अख्खा गड्डा हातात. त्यामुळे लावताना बुडखा मातीच्या पातळीच्या किंचित वर ठेवायचा आणि त्याभोवती नारळाची सोडणं, पालापाचोळा काही पसरायचं नाही. इतर झाडांना आपण आच्छादन करतो, त्याची सवय इथे सोडा.
मातीचं मिश्रण: एक भाग लाल माती, एक भाग खडीची चुरी, अर्धा भाग कुजलेलं शेणखत. समुद्राची वाळू घेऊ नका, मीठ असतं. आपली जांभ्याची माती आंबट असते, या झाडाला आम्ल-विम्लाच्या मोजपट्टीवर सहा ते सात बरं पडतं. म्हणून कुंडीमागे चमचाभर चुना किंवा चुलीतली राख मिसळली तर चांगलं. कुंडीच्या तळाशी चिऱ्याचे तुकडे टाका.

तळे_राखी
चिऱ्याच्या तुकड्यांना माझा विरोध. तळाला दगडांचा थर घातला म्हणून पाणी लवकर निघत नाही. बारीक मातीतून जाड खड्यांत उतरताना पाणी त्या सांध्यावर अडतं आणि मातीचा खालचा थर उलट जास्त वेळ ओला राहतो. कुंडी तेवढी उथळ होते ती वेगळीच. जी काही खडी घालायची ती मातीत मिसळून घाला आणि कुंडी विटांवर उचलून ठेवा.

कुळागरवाला
आमच्या आजोबांपासून तळाला चिरे घालतात, झाडं उभी आहेत.

तळे_राखी
आजोबांच्या कुंड्या मातीच्या होत्या, भिंतीतूनही सुकायच्या. गच्चीवरच्या प्लास्टिकच्या कुंडीला ते लागू नाही. आजोबांना नमस्कार आहेच.

वाळपईची_वेल
आमच्या सत्तरी तालुक्यात पाऊस किनाऱ्यापेक्षा जास्त, आमचं काय विचारता! जमिनीत लावलेले जुलै पाहत नाहीत. शेजारच्या काकींनी मात्र कुंडी पडवीत, पागोळ्यांच्या आत आणि उजेडाच्या बाजूला ठेवलेली. पाणी फक्त माती कोरडी लागली तर. ती जगली. पण पुढच्या वर्षी आधीसारखा जोर नव्हता.

जास्वंद_आणि_मी
त्याचं कारण थंडी. मूळ देशात हे हिवाळ्यात जमिनीबरोबर सुकतं, बर्फाखाली पडून असतं आणि वसंतात नव्या दमाने येतं. किनाऱ्याला जानेवारीच्या पहाटेही पारा एकोणीस-वीसच्या फारसा खाली जात नाही. विश्रांती अशी मिळतच नाही. म्हणून तिकडे बहुवर्षायू असलं तरी इथे हंगामी समजून चालावं. दरवर्षी नवं बी. कोणी जगवलं तर बोनस.

फेणीप्रेमी_माळी
एका शत्रूचं नाव अजून कोणी काढलं नाही. गोगलगाय! पहिल्या पावसानंतर त्या मोठ्या आफ्रिकन गोगलगायी रात्रीत कोवळा झुबका साफ करतात, सकाळी फक्त चकचकीत रेघा उरतात. परदेशी लोक बशीत बियर ठेवतात, वासाने येऊन शेंबडी गोगलगाय त्यात बुडते.

शेळपकर
आपल्याकडे बियरऐवजी काजूची उर्राक चालेल का? हंगाम येतोच आहे.

फेणीप्रेमी_माळी
नाव वाचलंत ना माझं? उर्राक गोगलगायीला?? गोणपाट ओलं करून संध्याकाळी कुंड्यांजवळ टाका, सकाळी खाली जमलेल्या असतात. उचलून मिठाच्या पाण्यात टाकायच्या. उचलताना हातमोजे किंवा चिमटा घ्या, त्यांच्यातून माणसाला होणारे जंत येऊ शकतात. उर्राक आपण प्यावी, लिंबू आणि मिरची घालून.

पेडण्याची_पोर
मला बियांबद्दल विचारायचंय. ऑनलाइन 'दुहेरी पांढरा कोनफ्लॉवर' म्हणून पाकीट आलं. चित्रात मधला शंकू कापसाच्या बोंडासारखा गच्च भरलेला. उगवून जे आलं ते झेंडूही नव्हे आणि कोनफ्लॉवरही नव्हे. झाड ओळखायला फोटो कुठे टाकू?

जास्वंद_आणि_मी
फोटो टाका, पण बहुतेक फसवणूकच. 'मिल्कशेक'सारख्या गच्च दुहेरी जातींची रोपं प्रयोगशाळेत ऊतीसंवर्धनाने करतात. त्यांच्या बियांतून तसंच फूल येत नाही. असा फोटो लावून कोणी बियांचं पाकीट विकत असेल तर तिथेच पान बंद करायचं.
बियांपासून करायचं तर एकेरी जाती. 'व्हाइट स्वान' जुनी आणि खात्रीची, पण दोन-अडीच फुटांपर्यंत जाते, म्हणजे गच्चीवरचीच्या पुढच्या रांगेला उंच. 'पॉववॉव व्हाइट' त्याहून बसकी, अंगाने फुटवे काढणारी आणि पहिल्याच वर्षी फुलणारी म्हणून काढलेली. तिची गुलाबी बहीण 'पॉववॉव वाइल्ड बेरी' २०१० साली ऑल-अमेरिका सिलेक्शन्स या तिकडच्या नव्या वाणांच्या स्पर्धेची विजेती होती. 'शायेन स्पिरिट'ला तोच मान २०१३ला. पण ते मिश्र रंगांचं पाकीट आहे. त्यात पांढरं निघतं, लाल-केशरीही निघतं, नशिबावर आहे. पांढरी बाग करणाऱ्यांनी घेऊ नये.
आणि घरचं बी धरणार असाल तर जवळ जांभळा कोनफ्लॉवर नको. मधमाशी जात बघत नाही. पुढच्या पिढीत गुलाबी येणार.

पेडण्याची_पोर
धन्स! पान बंद केलं. पैसे गेले ते गेले.

माटोळीकर
रसभंग करतोय, क्षमस्व. तीन हजार मिलिमीटर पावसात प्रेअरीचं झाड जगवायचा अट्टाहास कशाला? आबोली आहे, तेरडा आहे, कोरांटी आहे. पांढरी कोरांटी तर दिसायलाही देखणी, पाऊस खाऊन वर हसते. चवथीच्या माटोळीला आपण रानातली पन्नास तऱ्हेची फळं-फुलं बांधतो, त्यातली निम्मी नव्या पिढीला ओळखता येत नाहीत. आणि इकडे पाकिटं परदेशातून.

गच्चीवरची (धागाकर्ती)
माटोळीकर, पांढरी कोरांटी आहे माझ्याकडे, पिवळीसुद्धा होती, पिवळी आईला दिली. एकाची ओढ म्हणजे दुसऱ्याचा राग नव्हे. सदाफुली मादागास्करची, झेंडू मेक्सिकोचा, अनंत चीन-जपानकडचा. देवाला आपण तिन्ही घालतो.

माटोळीकर
बिनतोड. मग हाही देवाला चालतो का?

वाळपईची_वेल
आमच्या सासूबाईंचा नियम: काटा नको, किडकं नको, खाली पडलेलं नको (प्राजक्त सोडून). कोनफ्लॉवरच्या मधल्या भागाला हात लावून म्हणाल्या, "टोचता गो हें. देवाक कित्याक?" निकाल लागला. फुलदाणीत मात्र चालतं, आठवडाभर सहज टिकतं.

शेळपकर
काढ्याला? सर्दीच्या परदेशी गोळ्यांवर याचाच फोटो असतो.

दवबिंदू_मडगाव
(पेशाने औषधविक्रेता.) फोटो असतो, खरं आहे. अमेरिकेतले मूलनिवासी पूर्वापार वापरत आले. सर्दीवरच्या अभ्यासांत मात्र निष्कर्ष एकसारखे नाहीत, ठाम फायदा दिसलेला नाही. शिवाय शेवंती-झेंडूच्या कुळातल्या झाडांची ॲलर्जी असेल तर अंगावर पित्त उठू शकतं. कुंडीतली मुळं उपटून काढा करू नका. सर्दीला पेजेत तूप आणि आराम.

रात्रपाळी
गाडी रुळावर आणतो. मूळ प्रश्न: पानं आहेत, कळी का नाही?
सगळे खत-माती-पाणी बोलले. दिवसाची लांबी कोणीच मोजली नाही.
शेवंती सगळ्यांना माहीत आहे. दिवस लहान झाला की ती फुलते, म्हणून दिवाळीच्या सुमारास बहर. कोनफ्लॉवरचं उलट आहे. त्याला कळी धरायला मोठा दिवस लागतो, साधारण तेरा-चौदा तासांचा. त्यापेक्षा लहान दिवसात झाड जिवंत असतं, धष्टपुष्ट असतं, पण जमिनीलगत पानांचा झुबका करून बसून राहतं. गच्चीवरचीचा 'पालक' म्हणजे नेमकं हेच.
आता आपला हिशोब. गोवा साडेपंधरा अंश उत्तरेला. डिसेंबरात सर्वात लहान दिवस सव्वाअकरा तासांचा, जूनमध्ये सर्वात मोठा कसाबसा तेरा तासांचा. तिकडे चाळीस अंशांवर जूनचा दिवस पंधरा तासांचा असतो. म्हणजे आपल्याकडे दिवस त्यातल्या त्यात मोठा होतो मे-जूनमध्ये, आणि तेव्हा पाऊस दारात उभा. कळी धरायची वेळ आणि बुडखा कुजायची वेळ एकच. गोव्यात हे झाड रुसतं ते उन्हामुळे नाही, या दोन वेळा एकावर एक पडतात म्हणून.
उपाय: रात्र मोडायची. रात्री दहा ते दोन झुबक्यावर साधा बल्ब. फार प्रखर लागत नाही, पुस्तक वाचता येईल इतका उजेड झाडाच्या उंचीवर पुरे. झाडाला लांब रात्र एकसलग मिळाली नाही की ते दिवस मोठा समजतं. शेवंतीचे शेतकरी पॉलीहाऊसमध्ये असाच दिवा लावतात, फक्त त्यांना फूल थोपवायचं असतं.

तळे_राखी
वाचायला छान. पण मग गोव्यात कोणाचंच विना-बल्ब फुलू नये. वाळपईच्या काकींचं कसं फुललं? आधीसारखा जोर नव्हता म्हणजे आधी फुललं होतं ना?

रात्रपाळी
प्रश्न योग्य. दोन शक्यता. एक, जातीजातीत फरक असतो, काही रोपं तेरा तासांच्या आसपासही कळी धरतात, उशिरा आणि विरळ. दुसरी शक्यता वाळपईची वेलच सांगू शकेल. पडवीत रात्री दिवा असतो का?

वाळपईची_वेल
अगोबाई. असतो. काकांना रात्री उठावं लागतं म्हणून पडवीचा दिवा रात्रभर चालू. कुंडी त्याच्या खालीच.

तळे_राखी
एका कुंडीवरून सिद्धांत मांडू नये. तरी आज बल्ब लावतो.

गच्चीवरची (धागाकर्ती)
थांबा थांबा. हे वाचून आत्ता टॉर्च घेऊन गच्चीवर गेले. जिन्याच्या दारावर दिवा आहे, भाडेकरू उशिरा येतात म्हणून तो रात्रभर असतो. दाराशेजारच्या कुंडीतल्या झुबक्याच्या मध्यातून एक दांडा वर आलाय, वर बोंडासारखं हिरवं काहीतरी. ती कुंडी दारामागे असते म्हणून रोज लक्ष जात नाही. बाकीच्या कठड्याजवळ अंधारात, तिथे काही नाही.

कुळागरवाला
रात्रपाळी, तुमच्या नावाला साजेसं काम केलंत. "त्यावर नंतर येतो" म्हणालो होतो, आता येत नाही.

शेळपकर
मी पहिला प्रतिसाद मागे घेतो. "गोव्यात होईल, वीजबिलासकट."

पेडण्याची_पोर
हिरवं बोंड म्हणताय म्हणून विचारते. मी एका ओळखीच्यांकडे फूल पूर्ण हिरवंच पाहिलंय, शंकूतून छोटी पानं फुटलेली. ती हिरवी जात असते का?

जास्वंद_आणि_मी
नाही! हिरव्या जाती आहेत, पण शंकूतून पानं फुटलेली दिसली तर तो रोग. फायटोप्लाझ्मा नावाच्या अतिसूक्ष्म जीवामुळे होतो, तुडतुडे तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. आपल्याकडे तिळाच्या फुलांची पानं होतात किंवा वांग्याला बारीक पानांचे गुच्छ येतात तो याच गोत्यातला प्रकार. सदाफुलीलाही होतो. औषध नाही. झाड मुळासकट उपटायचं, गच्चीवरच्या कंपोस्टमध्येसुद्धा टाकायचं नाही.
गच्चीवरची, तुमचं बोंड घाबरण्यासारखं वाटत नाही. कळी सुरुवातीला हिरवीच असते. पाकळ्याही हिरवट निघतात आणि उघडताना पांढऱ्या होतात. मधला शंकू आधी हिरवट, मग तांबूस-केशरी. शेजारी सदाफुली आहे म्हणालात, तिच्यावर मात्र नजर ठेवा.

फेणीप्रेमी_माळी
सोटमूळ आहे, जागा बदलू नका हं, मरेल.

जास्वंद_आणि_मी
सोटमूळ याच्या चुलत जातींना असतं. एकिनेशिया पुरप्युरियाला, म्हणजे आपण सगळे लावतो त्याला, तंतुमुळं असतात. मातीच्या गोळ्यासकट हलवलं तर काही होत नाही. इथे तर कुंडीच उचलायची आहे.

गच्चीवरची (धागाकर्ती)
मग सगळ्या कुंड्या दिव्याखाली नेऊ की कठड्यालाच बल्ब लावू? दारापाशी दिवसा ऊन दुपारी बारापर्यंतच येतं. आणि आता फेब्रुवारीअखेरीस सुरू करून उपयोग आहे का?

रात्रपाळी
ऊन सहा तास तरी हवंच, त्यामुळे कुंड्या कठड्यालाच राहू द्या, बल्ब तिकडे न्या. विजेच्या सामानाच्या दुकानात प्लगमध्ये बसणारा टायमर मिळतो. दहाला चालू, दोनला बंद असा लावला की रोज आठवण ठेवायला नको. नऊ वॅटचा पिवळसर एलईडी तीन-चार फुटांवरून. पावसाच्या आधी वायर काढून ठेवा, गच्ची आहे.
उशीर झालेला नाही. रोपाला चार-पाच खरी पानं यायच्या आत दिवा लावून उपयोग नसतो, तुमची तर पालकाएवढी आहेत. शिवाय आधी काही आठवडे लहान दिवस मिळाले आणि मग मोठे, तर फुलं जास्त एकसारखी येतात. ते लहान दिवस डिसेंबर-जानेवारीने फुकट दिलेत. आज सुरू केलंत तर दोन ते तीन महिन्यांत, म्हणजे मेमध्ये फूल. पुढच्या वर्षी जानेवारीतच सुरू करा, म्हणजे उकाड्याच्या आत बहर येईल.

जास्वंद_आणि_मी
मेमधल्या फुलाला दुपारची सावली द्या, पांढऱ्या पाकळ्या तापून कडा तपकिरी होतात. पाणी सकाळी, बुडख्यावर नाही, कडेने. पहिलं फूल कोमेजलं की दांडा खालच्या पानापर्यंत कापा, बाजूचे फुटवे कळ्या धरतात. शेवटची एक-दोन तशीच वाळू द्या, बी धरायला.

पेडण्याची_पोर
बी जाळीच्या पिशवीत बांधा. आमच्याकडे झिनियाचं वाळलेलं फूल मुनियांनी सकाळच्या चहाआधी सोलून ठेवलं होतं.

माटोळीकर
बी जास्त झालं तर इकडे पाठवा. बदल्यात पांढऱ्या कोरांटीचं... ती आहे तुमच्याकडे. बरं, सुरंगीचं रोप देईन.

गच्चीवरची (धागाकर्ती)
सुरंगी गच्चीवर?? माटोळीकर, ते झाड घराएवढं होतं! आबोली द्या, पिवळी असेल तर.
टायमर आणला, नवऱ्याने लावलासुद्धा. खालच्या मजल्यावरून विचारणा आली की गच्चीवर रात्री दोनपर्यंत पार्टी असते का. त्यांना काय सांगू ते सुचवा.

शेळपकर
सांगा, पालकाला रात्रीचा अभ्यास आहे.

तळे_राखी
कळी उघडली की फोटो टाका, दोन्ही कुंड्यांचे. माझाही दिवा चालू आहे, मेमध्ये ताडून पाहू. एक कुंडी मुद्दाम अंधारात ठेवलीय.